बिस्किटांच्या डब्यातल्या चिठ्ठ्या

“स्टँड लिहिलंय, रविवार लिहिलाय. म्हणजे आपल्या बोर्डिंगचीच आहे ती.”

बोर्डिंगच्या सिस्टर प्रिन्सिपल सिस्टरांना हे म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्या पाठीमागे, चहाच्या टेबलापाशी समोशांची बशी घेऊन उभी होते. आवाजात राग नव्हता. मैदानावर सापडलेली पाण्याची बाटली कुठल्या वर्गातली ते ओळखावं, तशा त्या बोलल्या. प्रिन्सिपल सिस्टरांनी मान हलवली, “पाहुणे जाऊ देत” म्हणाल्या, माझ्या बशीतला एक समोसा उचलला आणि मला थँक्यू म्हणाल्या. हॉलमध्ये पडद्यावर ती चिठ्ठी अजून तशीच होती. चहासाठी उठताना लॅपटॉप बंद करायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. मी टाइप केलेल्या, मोठ्या अक्षरांतल्या पाच ओळी. जाता-येता कुणीही वाचाव्यात अशा.

त्या दिवशी लातूरच्या आमच्या शाळेत नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या काही कॅथलिक शाळांच्या प्रमुखांची बैठक होती. मुलांचं चारित्र्य घडवण्यासाठी शाळा काय करते, आणि केलेलं दिसतं कुठे, हा विषय. मी तिथे मत मांडायला नव्हते. मी नववीच्या मुलींची क्लासटीचर, नोकरीचं दुसरं वर्ष, अजून कायम झाले नव्हते. शुक्रवारचा शेवटचा मॉरल सायन्सचा तास माझ्याकडे होता, म्हणून प्रिन्सिपल सिस्टरांनी मला दहा मिनिटं दिली होती. आमचा चिठ्ठ्यांचा डबा काय आहे ते सांगायचं आणि दोन-चार चिठ्ठ्या नमुन्याला वाचून दाखवायच्या.

डब्याची कल्पना माझी नव्हती. ती मी माझ्या शाळेतून उचलली होती. मी कंधारची. वडील एसटीत, स्टँडवर कंट्रोलर. पाचवीपासून त्यांनी मला नांदेडच्या कॉन्व्हेंटमध्ये घातलं. सकाळी सहाच्या गाडीने जायचे, आणि कंट्रोलर साहेबांची पोरगी म्हणून कंडक्टर मला पुढच्या सीटवर बसवायचे. घरात मराठी, शाळेत इंग्लिश, आणि दोन्हीकडे मी फारशी बोलत नसे. त्या शाळेच्या सिस्टरांच्या ऑफिसच्या खिडकीत बिस्किटांचा एक गोल पत्र्याचा डबा असायचा, झाकणाला चीर पाडलेली. शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येकीने कागदाच्या तुकड्यावर ह्या आठवड्यात आपलं काय चुकलं ते लिहायचं, नाव घालायचं नाही, चार घड्या करून डब्यात टाकायचं. नाताळच्या सुट्टीआधी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सिस्टर तो डबा बागेत पालथा करायच्या आणि आमच्यासमोर काडी लावायच्या. वर्गात बहुतेक हिंदू, दहा-बारा मुसलमान, ख्रिश्चन मुली फक्त दोन. कन्फेशन वगैरे आम्हाला माहीत नव्हतं. धूर डोळ्यांत जायचा, आम्ही खोकायचो, आणि घरी जाताना हलकं वाटायचं.

लातूरला नोकरी लागली तेव्हा मी पहिल्याच महिन्यात गंजगोलाईच्या बाजारातून तसा एक डबा आणला. त्यातली बिस्किटं स्टाफरूममध्ये संपवली आणि झाकणाला चीर पाडून घेतली. मुलींना सांगितलं, हे कुणी वाचणार नाही. मीसुद्धा नाही. ज्या भाषेत खरं बोलता येतं त्या भाषेत लिहा. आमच्या शाळेत वर्गात मराठी बोलायला बंदी आहे, त्यामुळे माझं हे शेवटचं वाक्य ऐकून त्या एकमेकींकडे बघून हसल्या होत्या.

प्रिन्सिपल सिस्टरांना डबा आवडला. त्या मूळच्या केरळच्या, पण मराठवाड्यात इतकी वर्षं काढलेली की भाजीवाल्याशी माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलतात. त्यांना पटत नव्हतं ते एकच, जाळणं. “डॉक्टर कधी रिपोर्ट जाळतो का?” त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं उगीच नव्हतं. लातूरमध्ये आठवीपासून पालकांना क्लास आणि डॉक्टरकीची परीक्षा दिसायला लागते. दर वर्षी पालकसभेत कुणीतरी उठून विचारतं, शुक्रवारचा तो तास फिजिक्सला का देत नाही? मार्क दिसतात, मूल्यं दिसत नाहीत, असं सिस्टर म्हणायच्या. ती दाखवता आली नाहीत तर एक दिवस तास जाईल, आणि मग ह्या शाळेत आणि गल्लीतल्या क्लासमध्ये फरक काय उरला. म्हणून बैठकीच्या आधी मी डबा उघडायचा, चिठ्ठ्या टाइप करायच्या, आणि प्रकार पाडायचे. खोटं बोलणं, कॉपी करणं, राग, मोठ्यांचं न ऐकणं. नावं तर नाहीतच, मग कुणाचं काय जातंय?

मी “येस सिस्टर” म्हटलं. मला तेच म्हणता येतं.

माझ्या भाड्याच्या खोलीत, पलंगावर मी डबा पालथा केला. पहिल्या दहा चिठ्ठ्यांतच कळलं की नाव नसून काही उपयोग नाही. क्लासटीचरला अक्षर ओळखायला लागत नाही, ते दिसतंच. ही ‘आर’ला शेपटी काढणारी, ही हिरव्या पेनवाली. भावाला मारलं, मोबाइल लपवून बघितला, ट्यूशन बुडवली. बऱ्याच चिठ्ठ्या मला आवडेल असं लिहिलेल्या होत्या. आणि मग ती आली, उजवीकडे झुकलेल्या बारीक मराठी अक्षरात. बोर्डिंगमधली मुलगी, किल्लारीकडच्या गावची, तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसणारी. वर्गात माझ्यासारखीच, विचारल्याशिवाय न बोलणारी. तिने लिहिलेलं मी बैठकीत वाचलं ते असं:

“मी दर पंधरा दिवसांनी खोटं सांगते. रविवारी नातेवाइकांकडे जाते म्हणते आणि स्टँडवर आईला भेटते. आईला भेटायचं नाही असं पप्पांनी लिहून दिलंय. मला वाईट वाटायला पाहिजे पण वाटत नाही. वाईट वाटत नाही हे माझं चुकतंय का, ते मला कळत नाही.”

मूळ चिठ्ठीत ‘नातेवाइकांकडे’च्या जागी ‘आत्याकडे’ होतं, आणि आत्या पण आमच्यासाठी खोटं बोलते, असं एक वाक्य होतं. ‘सिस्टरला सांगते’ असंही होतं. ते सगळं मी काढलं. मुलगी ओळखू येऊ नये म्हणून मी हे शहाणपण केलं, असं मला तेव्हा वाटलं. ‘रविवार’ आणि ‘स्टँड’ मात्र राहू दिले. ते काढले असते तर चिठ्ठीत जीव राहिला नसता. पंधरा दिवसांनी एकदा रविवारी नातेवाइकांकडे जायची परवानगी फक्त बोर्डिंगच्या मुलींना असते, हे शाळेतल्या शिपायालाही माहीत आहे. मला माहीत नव्हतं असं नाही. मला ती चिठ्ठी वाचून दाखवायची होती, एवढंच. माझ्या वर्गातली एक मुलगी असा विचार करू शकते हे त्या सगळ्या मोठ्या माणसांना कळावं, आणि जमलं तर हेही कळावं की डबा मी आणला.

मी वाचल्यावर हॉल शांत झाला. माझ्या वाचण्याने एखादी खोली कधी अशी शांत झाली नव्हती. मला त्या शांततेत बरं वाटलं, हे इथे लिहिलं पाहिजे.

मग नांदेडकडच्या एका शाळेचे फादर बोलले. त्यांच्या शाळेत मुलं आपापला वर्ग स्वतः झाडतात, त्यावरून पालक भांडायला येतात, आणि तेच खरं मूल्यशिक्षण असं ते सकाळपासून सांगत होते. ते म्हणाले की ह्या मुलीला आपल्या तासाची गरज नाही, जी स्वतःला असा प्रश्न विचारते तिचं मन जागं आहे. एका तालुक्याच्या गावचे हेडमास्तर सर होते, बैठकीतले एकटे धोतरवाले, त्यांना ते पटलं नाही. “पण फादर, खोटं ते खोटंच न्हवं का? उद्या समद्याच पोरी म्हणतील, आमाला काई वाईट वाटून नाही राहिलं. मग आपुन काय करायचं, टाळ्या वाजवायच्या?” लोक हसले, फादरही हसले. सर पुढे गंभीरपणे म्हणाले की पोरं घरात बघतात तेच शिकतात, आपला आठवड्यातून एक तास, त्यात आपण काय असं मोठं करणार. प्रिन्सिपल सिस्टरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, खरं कळल्यानंतर शाळा काय करते त्यावरून शाळेचं चारित्र्य ठरतं. हे वाक्य बऱ्याच जणांनी वहीत लिहून घेतलं.

मागच्या रांगेत माझ्या नांदेडच्या सिस्टर बसल्या होत्या. त्या आता निवृत्त, गुडघे दुखतात, पण जुन्या म्हणून त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. त्यांनी हात वर केला, शाळेतल्या मुलीसारखा, आणि थेट मला विचारलं, “बाळ, डबा उघडला कुणी?”

मी लॅपटॉपकडे बघितलं. उत्तर प्रिन्सिपल सिस्टरांनी दिलं, की तो उपक्रमाचाच भाग आहे, अभ्यासासाठी. जुन्या सिस्टर बरं म्हणाल्या. मग चहाची वेळ झाली, आणि बशी हातात घेऊन मी ते ऐकलं जे सुरुवातीला लिहिलं आहे.

चहानंतर असं ठरलं की असा डबा सगळ्या शाळांनी ठेवावा. मग फोटो काढला. त्यात मी अगदी कडेला आहे.

सोमवारी प्रिन्सिपल सिस्टरांनी मला बोलावलं. मुलीचं नाव त्यांनी विचारलं नाही, त्याची गरज नव्हती. बोर्डिंगच्या सिस्टरांनी रजिस्टर बघितलं होतं, पंधरा दिवसांनी बाहेर जाणाऱ्या मुलींत आईच्या भेटीला वडिलांची मनाई असलेली एकच होती, ती आत्याकडे जायची. प्रिन्सिपल सिस्टर मला रागावल्या नाहीत, उलट चिठ्ठीचं कौतुक केलं. मुलीला शिक्षा नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं. फक्त, प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांनी लिहून दिलं होतं की आईला भेटू द्यायचं नाही, नवरा-बायकोचं प्रकरण कोर्टात चालू होतं, आणि मुलगी पंधरा दिवसांनी स्टँडवर बसते हे माहीत झाल्यावर शाळेला गप्प बसता येत नव्हतं. काही झालं तर कोण जबाबदार? म्हणून वडिलांना फोन गेला होता. रविवारी बाहेर जाणं बंद. आत्याचं नाव भेटणाऱ्यांच्या यादीतून काढलं. “तू तिच्याशी प्रेमाने बोल,” सिस्टर मला म्हणाल्या. त्या खरंच चांगल्या बाई आहेत. त्यांचं कुठलं वाक्य चुकीचं होतं, असं मला कुणी विचारलं असतं तर मला एकही दाखवता आलं नसतं.

मी येस सिस्टर म्हणून बाहेर आले. त्या आठवड्यात मी दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेले. एकदा हजेरीपटाचं विचारून परत आले. दुसऱ्यांदा सिस्टर फोनवर होत्या, त्यांनी भुवया उंचावून काय म्हणून विचारलं, मी हातानेच काही नाही असं सांगितलं.

शनिवारी दुपारी मी कंधारला जाते आणि रविवारी दुपारच्या गाडीने परत येते. गाडी लातूरला तीनच्या सुमाराला लागते. त्या रविवारी मी उतरले तर अहमदपूरच्या फलाटावर, खांबाला टेकून एक बाई बसली होती. मी ओळखलं ते तिच्या मांडीवरच्या दप्तरावरून. आमच्या शाळेचं दप्तर, लहान वर्गातलं, बिल्ल्याचा रंग उडालेला. मुलीचं जुनं दप्तर पिशवी म्हणून वापरत असणार. त्यातून जेवणाच्या डब्याचं झाकण दिसत होतं. प्रत्येक रिक्षा गेटातून आत आली की ती मान उचलून बघायची. रिक्षातून दुसरंच कुणी उतरलं की परत दप्तराचा बंद बोटाला गुंडाळायची. मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहिले. मला वाटलं, आत्या सांगेल हिला. मग मी निघून आले.

पंधरा दिवसांनी ती परत तिथेच होती. त्याच खांबाशी, तेच दप्तर. मी ह्या वेळी गाडीतून उतरायलाच वेळ लावला, आणि उतरून मागच्या बाजूने गेले.

वर्गात मुलगी पूर्वीसारखीच होती. शुक्रवारी चिठ्ठी टाकायची, चार घड्या करून. मी परत वाचायचं नाही असं ठरवलं होतं, तरी तिची चिठ्ठी काढून बघितली. कोरी होती. त्याच्या पुढच्या आठवड्याचीही कोरी.

नाताळच्या आधी, मुलींना सांगितल्याप्रमाणे, मी चिठ्ठ्या जाळल्या. बैठकीआधीच्या सगळ्या टाइप करून झाल्या होत्या. अहवालात लावायला ऑफिसमधून फोटो काढायला माणूस पाठवला होता. मुली गोल करून उभ्या राहिल्या. सगळ्या आगीकडे बघत होत्या, ती माझ्याकडे. नंतर राख गोळा करायला ती मागे थांबली, आणि खाली बघतच म्हणाली, “मिस, तुम्हाला एक विचारू? झोपेत बोललेलं माणसाला आठवतं का?”

“का गं?” मी विचारलं.

तिने सांगितलं. तिची एक गोष्ट सिस्टरांना कळली होती. कुणाला म्हणजे कुणालाच तिने सांगितली नव्हती. म्हणजे ती झोपेतच बोलली असणार आणि कुठल्यातरी मुलीने ऐकून सांगितलं असणार. तिने आता पलंग बदलून मागितला होता, अगदी शेवटचा, भिंतीकडचा. झोपताना ओढणी तोंडावरून बांधून घेत होती, पण सकाळी ती सुटलेली असायची.

“चिठ्ठीत लिहिलेलं मी,” ती म्हणाली, “पण ते तर कुणी वाचत नाही. आणि आता जळालं.”

मी म्हणाले, हो, जळालं. आणि म्हणाले, जा, बेल होईल. दोन वर्षं मी मुलींना खरं बोलायला शिकवत होते, आणि एका मुलीला मी तिच्या स्वतःच्या झोपेची भीती घालून परत पाठवलं. सांगायला एकच वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलं नाही. ती सगळ्यांना सांगेल का, प्रिन्सिपल सिस्टर काय म्हणतील, नोकरी कायम व्हायला तीन महिने राहिलेत, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या मनात येऊन गेलं, आणि मुलगी राखेची सुपली घेऊन गेलीसुद्धा.

सुट्टीत तिचे वडील तिला गावी घेऊन गेले. मी गेटवर होते. साधा, थकलेला माणूस. त्याने मुलीची पेटी स्वतः उचलली आणि मला नमस्कार करून म्हणाला, “मॅडम, लक्ष असू द्या. एकटीच हाय ती मला.” त्याचा राग यावा म्हणून मी वाट बघत होते. तो आला नाही.

त्या सुट्टीत मी नांदेडला गेले, जुन्या सिस्टरांकडे. कॉन्व्हेंटच्या मागच्या व्हरांड्यात त्या उन्हात पाय पसरून बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, इंग्लिशमध्ये, कारण त्यांच्याशी मी कायम इंग्लिशच बोलत आले, आणि त्या भाषेत मला सगळं दुसऱ्या कुणाचं सांगितल्यासारखं सांगता येतं. शेवटी म्हणाले, तुम्ही कधी वाचल्या नाहीत, मी वाचल्या, तिथेच माझं चुकलं.

सिस्टरांनी गुडघे चोळले. मग मराठीत म्हणाल्या, “मी सगळ्या वाचायचे. दर शनिवारी, चॅपेलमधून आल्यावर.”

मला कळेना.

“नसत्या वाचल्या तर तू पाचवीत जेवणाचा डबा आणत नव्हतीस ते मला कुठून कळलं असतं?”

पाचवीत आई आजारी होती, बरेच महिने मामाकडे होती. वडिलांना सकाळी पाचला ड्यूटी. मी मधल्या सुट्टीत भूक नाही म्हणायचे. हे मी एका चिठ्ठीत लिहिलं होतं, मी विसरूनही गेले होते. त्याच्या पुढच्याच आठवड्यापासून सिस्टर मला मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलवायच्या. माझं अक्षर चांगलं आहे, वह्यांवर लेबलं लिहून दे, म्हणून. टेबलावर दोघींपुरता डबा असायचा. इतकी वर्षं मी समजत होते की मला अक्षरासाठी निवडलं होतं.

“वाचायच्या आणि गप्प बसायचं,” सिस्टर म्हणाल्या. “कुणापाशी बसायचं एवढं कळलं की पुरे. मग जाळायच्या.” मी विचारलं, आता मी काय करू? त्यांनी मला काही सांगितलं नाही. आता कुठली शाळा त्यांच्या हातात नव्हती, आणि प्रिन्सिपल सिस्टर बोर्डिंग चालवतात, त्यांना कायदा बघावा लागतो, असं म्हणाल्या. मग उठायला माझा हात मागितला.

संक्रांतीच्या आदल्या रविवारी मी लातूरला उतरले. मुलीची आई त्याच खांबाशी होती. तिथून मागच्या बाजूने जायची वाट आता मला पाठ झाली होती. मी दोन पावलं गेलेसुद्धा. मग परत फिरले आणि तिच्या शेजारी, मध्ये एका माणसाची जागा सोडून, बसले.

“अमदपूरला चालल्या का?” तिने विचारलं. मी नाही म्हणाले. तिने दप्तर जवळ ओढून मला जागा करून दिली, जागा होती तरी. मग तीच बोलायला लागली. ती अहमदपूरला भावाकडे राहते, शिवणकाम करते. पोरगी इथे शाळेला आहे, इंग्रजी शाळेत, हुशार आहे. पंधरा दिवसाला इथे भेटायची. आता दोन-अडीच महिने झाले, येत नाही. नणंद आणायची तिला, ती आता फोन घेत नाही. शाळेत फोन केला तर यादीत नाव नाही म्हणतात. परीक्षा असतील म्हणून तिने पहिल्यांदा मनाची समजूत घातली होती.

तिने डबा उघडला. तिळाच्या पोळ्या होत्या, तूप लावून घडी घातलेल्या. एक काढून माझ्यापुढे धरली. “घ्या. तिला लई आवडतात म्हणून करते, अन् परत न्यावं लागतं. भावाचे लेकरं म्हणतात, आत्या, तुझी पोळी लातूर बघून आली.” ती हसली. मी पोळी घेतली, खाल्ली नाही. हातात धरून बसले.

एक रिक्षा आत आली. तिने बघितलं. एक म्हातारा उतरला.

“पोरगी रागावली असंल माझ्यावर,” ती म्हणाली, रिक्षाकडेच बघत. “नववीत हाय, कळतं की आता समदं. बाप नीट सांभाळतोय, म्हणत असंल आई सोडून गेली ते गेली, कशाला जायचं स्टँडवर बसाया. न्हाई येऊ वाटलं तर न्हाई. आजचा रविवार बघते अन् बंद करते मी पण.”

अहमदपूरची गाडी मागे घेत फलाटाला लागत होती. कंडक्टर डबल बेल द्यायच्या आधी चढायचं म्हणून लोक दाराकडे पळाले. ती उठली, दप्तर खांद्याला लावलं, लहान पट्टा तिच्या खांद्यावर नीट बसेना. सांगून मुलीची भेट होणार नव्हती. यादी बदलणार नव्हती, वडिलांचा फॉर्म बदलणार नव्हता, आणि उद्या ही बाई शाळेच्या गेटवर आली तर मला तिला ओळखही दाखवता येणार नव्हती. हे सगळं मला माहीत होतं. तरी मी तिचं दप्तर मागून धरलं. ती वळली.

“ताई, मी तिची टीचर आहे,” मी म्हणाले. “ती रागावली नाही. तिनं विश्वासानं चिठ्ठीत लिहिलं होतं, ती चिठ्ठी मी सगळ्यांसमोर वाचली, म्हणून तिला तुमच्याकडे येऊ देत नाहीत.”